कूस बदलण्याचा इतिहास

'अंथरुणाला खिळणे' हा शब्दप्रयोग आपण इतक्या सहज वापरतो की त्यातला खिळा आपल्याला टोचत नाही. माणूस आजारी पडतो, अंथरूण धरतो आणि दुखणे लांबले की अंथरुणाला खिळतो. जणू तो खिळा आजारानेच ठोकलेला असतो. पाठीच्या कण्याला मार लागून कमरेखालचे अंग गेलेल्या माणसांबरोबर मी तीस वर्षांहून अधिक काळ भौतिकोपचाराचे काम केले. त्या काळात हा खिळा फार जवळून पाहिला. त्याचा काही भाग इजेचा असतो, हे खरेच. पण बराचसा भाग समजुतींचा असतो. दुखणाइताला हलवू नये, त्याला पडू द्यावे, आता त्याच्याकडून काय व्हायचे आहे, या त्या समजुती. त्या फक्त घरच्या माणसांच्या होत्या असेही नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बहुतेक डॉक्टरही तेच मानत होते.

ही समजूत कशी मोडली याची कथा एरवी क्रीडास्पर्धांच्या अंगाने सांगितली जाते. चाकांच्या खुर्चीत बसलेले खेळाडू, ध्वज, पदके, टाळ्या. दर चार वर्षांनी पॅरालिम्पिक आले की वृत्तपत्रांत ती नव्याने छापून येते. ती खोटी नाही, पण ती शेवटाकडून सुरू होते. तिची सुरुवात मैदानावर झाली नाही. ती एका वॉर्डात, रात्रीच्या वेळी, झोपलेल्या माणसाची कूस बदलण्यापासून झाली. प्रस्तुत लेखात ती तिथून सांगण्याचा प्रयत्न आहे.

उपचार करू नयेत असा आजार

इसवी सनापूर्वी सुमारे १६०० वर्षांच्या एका इजिप्शियन पपायरसमध्ये मानेच्या मणक्याच्या इजेचे वर्णन आहे. एडविन स्मिथ या अमेरिकन माणसाने तो १८६२ साली लक्सरमध्ये विकत घेतला, म्हणून तो त्याच्या नावाने ओळखला जातो. रुग्णाला हातापायांची जाणीव नाही, लघवी आपोआप ठिबकते आहे, ही लक्षणे त्या वैद्याने अचूक टिपली आहेत. आणि निष्कर्ष दिला आहे तो असा, की हा आजार उपचार करण्याजोगा नाही. निरीक्षण इतके नेमके आणि उपाय काहीच नाही, अशी ही स्थिती पुढे साडेतीन हजार वर्षे जवळजवळ तशीच राहिली. पहिल्या महायुद्धातही मज्जारज्जूला इजा झालेले बहुसंख्य सैनिक काही आठवड्यांत किंवा काही महिन्यांत दगावत.

ते मरत कशाने, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. मज्जारज्जू तुटल्याने माणूस लगेच मरतोच असे नाही. कमरेच्या पातळीवर तो तुटला, तर हृदय, फुप्फुसे, मेंदू, हात सगळे शाबूत असते. मृत्यू येई तो दोन वाटांनी. पहिली वाट कातडीची. आपण धडधाकट माणसे झोपेतसुद्धा न कळत कूस बदलतो, खुर्चीत बसल्या बसल्या बूड हलवतो, कारण दाब वाढला की कातडी कुरकुर करते. मज्जारज्जू तुटलेल्या माणसाची कातडी ती तक्रार मेंदूपर्यंत पोचवू शकत नाही. माकडहाड, टाचा, खुबे अशा हाडांच्या उंचवट्यांवर शरीराचा भार तासन्‌तास पडून राहतो, तिथल्या बारीक रक्तवाहिन्या दबतात, रक्त पोचत नाही आणि मांस मरते. ज्याला आपण शय्याव्रण किंवा सरळ 'बेडसोअर' म्हणतो ती जखम अशी होते. ती हाडापर्यंत जाते, चिघळते आणि तिथून जंतू रक्तात शिरतात. दुसरी वाट मूत्राशयाची. लघवी तुंबते, नळी घालावी लागते, नळीबरोबर जंतू जातात आणि शेवटी मूत्रपिंडे निकामी होतात. म्हणजे माणूस कण्याच्या इजेने मरत नव्हता. तो इजेनंतरच्या पडून राहण्याने आणि हयगयीने मरत होता. पण इजा आणि मृत्यू इतके एकापाठोपाठ येत, की मधल्या हयगयीकडे कोणाचे लक्षच जात नव्हते.

एक खाणकामगार आणि एक निर्वासित

१९१७ साली, तेव्हा जर्मनीत असलेल्या सायलेशिया प्रांतातल्या कोनिग्जह्यूट या गावी, खाणकामगारांच्या अपघात रुग्णालयात एक तरुण मदतनीस म्हणून काम करत होता. त्याचे नाव लुडविग गुटमान. तिथे कणा मोडलेला एक धिप्पाड तरुण खाणकामगार आला. गुटमान त्याची नोंद लिहून घेऊ लागला, तेव्हा त्याला सांगण्यात आले की फार लिहीत बसू नकोस, हा काही आठवड्यांत जाणार. पाच आठवड्यांनी तो तरुण गेलाच. जखमा चिघळून, रक्तात विष भिनून. गुटमानने आयुष्यभर ही आठवण सांगितली. मला स्वतःला यातली 'नोंद घेऊ नकोस' ही सूचना मृत्यूपेक्षा जास्त बोलकी वाटते. ज्याचे काही होणार नाही असे ठरले, त्याची नोंद नाही. आणि नोंद नाही म्हणून त्याचे काय होऊ शकले असते हे कळायला मार्ग नाही.

गुटमान पुढे ब्रेस्लाऊ येथे ओटफ्रिड फर्स्टर या नामांकित मज्जाविकारतज्ज्ञाच्या हाताखाली तयार झाले. ते ज्यू होते. १९३३ नंतर त्यांना सार्वजनिक रुग्णालयातून बाहेर पडावे लागले आणि शहरातल्या ज्यू रुग्णालयात त्यांनी काम सुरू केले. १९३८च्या नोव्हेंबरात जर्मनीभर ज्यूंची दुकाने आणि प्रार्थनास्थळे फोडली गेली. त्या रात्री दाराशी येईल त्याला दाखल करून घ्या, असा हुकूम त्यांनी रुग्णालयात सोडला. दुसऱ्या दिवशी गेस्टापोचे अधिकारी आले, तेव्हा एकेका खाटेपाशी उभे राहून त्यांनी एकेकाचा 'आजार' समजावून दिला. दाखल झालेल्या ६४ जणांपैकी ६० जण अटकेतून वाचले. १९३९च्या मार्चमध्ये पत्नी आणि दोन मुलांसह ते इंग्लंडात पोचले आणि ऑक्सफर्डला संशोधन करू लागले.

१९४३ साली ब्रिटिश सरकार युरोपच्या किनाऱ्यावर मोठे सैन्य उतरवण्याच्या तयारीत होते. कणा मोडलेले सैनिक मोठ्या संख्येने येणार हे उघड होते. त्यांच्यासाठी स्वतंत्र विभाग काढायचा ठरले आणि तो चालवण्यासाठी गुटमान यांना विचारण्यात आले. अनेक डॉक्टरांच्या दृष्टीने हे काम म्हणजे कपाळमोक्ष होता, कारण त्यातून हाती लागणार ते मृत्यूच. गुटमान यांनी ते घेतले, पण एका अटीवर: उपचार आपल्या पद्धतीने करू दिले पाहिजेत. १ फेब्रुवारी १९४४ रोजी लंडनच्या वायव्येला एल्सबरी गावाजवळच्या स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात, पंचविसेक खाटांचा हा विभाग सुरू झाला.

दोन तासांचे घड्याळ

त्या वॉर्डातला पहिला मोठा उपचार औषध नव्हते, शस्त्रक्रियाही नव्हती. दर दोन तासांनी, दिवसा आणि रात्री, प्रत्येक रुग्णाची कूस बदलायची, हा तो उपचार. उजवी कूस, पाठ, डावी कूस. हाडांच्या उंचवट्यांखाली भार येणार नाही अशा बेताने मऊ रबराच्या गाद्या आणि उशा लावायच्या, कातडी निरखायची, कुठे लाली दिसली तर त्या अंगावर झोपवायचे नाही. त्या वेळी असे रुग्ण प्लास्टरच्या साच्यात पक्के बसवून पाठवण्याची रीत होती. कणा हलू नये हा तिचा हेतू. त्या साच्याच्या आत मांस सडत असे. गुटमान यांनी ते साचे काढून टाकले. मूत्राशयासाठी नळी घालण्याचे काम त्यांनी कोणाच्याही हाती न सोपवता डॉक्टरांनीच, शस्त्रक्रियेइतकी स्वच्छता पाळून करावे असा नियम केला. पेनिसिलिन नुकतेच हाती आले होते, त्याचाही फायदा झाला. अमेरिकेत बॉस्टनला डोनाल्ड मनरो यांनी १९३० नंतरच्या दशकातच याच दिशेने काम सुरू केले होते, हेही सांगितले पाहिजे. इतिहासात एकटा माणूस क्वचितच असतो.

दर दोन तासांनी म्हणजे दिवसातून बारा वेळा. पंचवीस रुग्ण म्हणजे तीनशे वेळा. एकेका जवानाला उचलून वळवायला तीन-चार माणसे लागत. हे काम करणारे परिचारक आणि परिचारिका होत्या. त्यांतल्या बहुतेकांची नावे कुठल्याही पुस्तकात नाहीत. गुटमान स्वतः रात्री-अपरात्री वॉर्डात येऊन कूस वेळेवर बदलली जाते का हे पाहत. हट्टी, रागीट, हुकूम सोडणारा माणूस म्हणून त्यांची ख्याती होती. रुग्ण मात्र त्यांना 'पॉपा' म्हणत.

शय्याव्रण भरू लागले, ताप उतरू लागला आणि माणसे जगू लागली. पण त्यातून नवाच प्रश्न उभा राहिला. हे तरुण आता आणखी चाळीस वर्षे जगणार असतील, तर त्यांची कूस बदलायला चाळीस वर्षे कोण पुरणार?

पाठीतला पूल

वॉर्डातल्या व्यायामाचा आणि पुढे आलेल्या खेळांचा अर्थ या प्रश्नाच्या उत्तरात आहे. विद्यार्थ्यांना शिकवताना मी नेहमी एका स्नायूपासून सुरुवात करत असे. त्याचे नाव लॅटिसिमस डॉर्साय. काखेच्या मागच्या कडेला जी जाड वळी हाताला लागते ती त्याची. हा पाठीचा मोठा पंख्यासारखा स्नायू दंडाच्या हाडापासून निघून खाली थेट कमरेच्या हाडापर्यंत जातो. त्याला हुकूम देणाऱ्या नसा मात्र मानेतून निघतात. त्यामुळे छातीच्या किंवा कमरेच्या पातळीवर मज्जारज्जू तुटला, तरी हा स्नायू जिवंत राहतो. वरचे टोक जाणीव असलेल्या अंगात, खालचे टोक जाणीव गेलेल्या अंगात. तो बळकट केला तर माणूस हातांच्या जोरावर कमर उचलू शकतो, बसल्या जागी तोल सावरू शकतो, खाटेवरून खुर्चीत आणि खुर्चीतून संडासाच्या भांड्यावर स्वतः सरकू शकतो. निसर्गाने दोन तुटलेल्या तीरांमध्ये एक पूल शिल्लक ठेवला आहे, असे मी मुलांना सांगे.

खुर्चीत बसलेल्या माणसाने दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन्ही हात टेकून आपले बूड काही क्षण वर उचलायचे, हा आजही आमच्या क्षेत्रातला पहिला धडा आहे. ही कूस बदलण्याचीच दुसरी इयत्ता. वॉर्डात जे तिसरा माणूस करत होता, ते आता रुग्ण स्वतः करतो. ज्यांची इजा मानेत आहे आणि हातांतही बळ नाही, त्यांना हे पूर्णपणे साधत नाही, त्यांची वाट अधिक बिकट आहे. पण ज्यांचे हात शाबूत आहेत त्यांच्यासाठी दंड, खांदे आणि पाठ यांचे बळ ही शोभेची गोष्ट नाही. ती कातडी वाचवणारी गोष्ट आहे.

हे बळ कमवायचे तर शेकडो वेळा तीच हालचाल करावी लागते, आणि जगण्यावरून मन उडालेल्या बावीस वर्षांच्या जवानाला 'एक, दोन, तीन' म्हणत वजने उचलायला लावणे कठीण असते. इथे खेळ आला. स्टोक मँडेव्हिलला रुग्णांनीच आधी चालण्याच्या काठ्या उलट्या धरून खुर्च्यांतून एक चकती टोलवायला सुरुवात केली होती. गुटमान यांनी लष्करी व्यायामशिक्षकाला सोबत घेऊन स्वतः खुर्चीत बसून तो खेळ खेळून पाहिला. खुर्च्यांचा हा पोलो फारच धसमुसळा निघाला म्हणून तो सोडून दिला आणि नेटबॉल आला, पुढे बास्केटबॉल. मग टेबल टेनिस आणि तिरंदाजी.

तिरंदाजी त्यांना विशेष आवडे, आणि त्याला वैद्यकीय कारण होते. प्रत्यंचा ओढताना नेमका तोच पाठीचा पूल कामाला लागतो. बाण सुटेपर्यंत धड स्थिर ठेवावे लागते, म्हणजे तोलाचा सराव होतो. शिवाय धनुष्य हाती आले की उभा तिरंदाज आणि बसलेला तिरंदाज यांत फारसा फरक उरत नाही. गावातल्या क्लबात जाऊन धडधाकट माणसांबरोबर बरोबरीने स्पर्धा करता येते. न्यूझीलंडच्या नेरोली फेअरहॉल या महिलेने १९८४ साली लॉस एंजेलिसच्या मुख्य ऑलिंपिकमध्ये चाकांच्या खुर्चीतून तिरंदाजी करून हे जगाला दाखवले.

खेळाच्या जोडीला कार्यशाळा होती. सुतारकाम, घड्याळदुरुस्ती. सकाळी व्यायाम, मग काम, मग खेळ, असा दिवसच बांधलेला असे. यामागे निव्वळ करुणा नव्हती, हेही नमूद केले पाहिजे. युद्धाने खंगलेल्या ब्रिटनला पोसावी लागणारी माणसे नको होती, कमावती हवी होती. आपले रुग्ण कर भरणारे नागरिक झाले याचा गुटमान यांना अभिमान होता. माणसाची किंमत त्याच्या कमाईवर ठरावी का, हा प्रश्न आज विकलांगांच्या चळवळीतले लोक विचारतात आणि तो रास्त आहे. पण ज्याची नोंदही घेतली जात नव्हती, त्याचे नाव करदात्यांच्या यादीत येणे हा मधला टप्पा किती मोठा होता, हे विसरता येत नाही.

विश्रांतीची उलटतपासणी

स्टोक मँडेव्हिल हे एकटे बेट नव्हते. एकोणिसाव्या शतकात विश्रांती हे सर्व दुखण्यांवरचे औषध मानले जाई. जॉन हिल्टन या इंग्रज शल्यविशारदाची विश्रांतीच्या महतीवरची व्याख्याने १८६३ साली प्रसिद्ध झाली आणि पुढच्या पिढ्यांनी ती शिरोधार्य मानली. दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत खाटा कमी पडल्या, जखमींना लवकर उठवावे लागले, आणि लवकर उठवलेले बरेही लवकर होतात असे दिसू लागले. १९४७ साली रिचर्ड ॲशर या लंडनच्या डॉक्टरांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये अंथरुणात पडण्याच्या धोक्यांवर एक छोटा, खुसखुशीत आणि निर्दय लेख लिहिला. फुप्फुसे, रक्तवाहिन्या, कातडी, हाडे, मन या प्रत्येकाचे पडून राहण्याने काय नुकसान होते, याची त्यांनी यादीच दिली. १९५२ साली बॉस्टनच्या सॅम्युएल लेव्हाइन आणि बर्नार्ड लाऊन यांनी हृदयविकाराचा झटका आलेल्या रुग्णांना आठवडेच्या आठवडे खाटेवर न ठेवता पहिल्या काही दिवसांतच आरामखुर्चीत बसवल्याचे अनुभव प्रसिद्ध केले. पुढच्याच वर्षी जेरी मॉरिस यांनी लंडनच्या दुमजली बसचे चालक आणि वाहक यांची तुलना मांडली. दिवसभर जिने चढणाऱ्या वाहकांना बसून राहणाऱ्या चालकांपेक्षा हृदयविकार कमी होत होता.

या सगळ्यांचे सूत्र एकच. विश्रांती ही निरुपद्रवी गोष्ट नाही. तीही एक औषधच आहे; तिची मात्रा असते आणि मात्रा चुकली तर ती बाधते.

जिन्यावरची माणसे

२९ जुलै १९४८ रोजी लंडनमध्ये ऑलिंपिकचे उद्घाटन होत होते. त्याच दिवशी स्टोक मँडेव्हिलच्या हिरवळीवर युद्धात जखमी झालेल्या १६ स्त्री-पुरुषांची तिरंदाजी स्पर्धा झाली. दिवस गुटमान यांनी मुद्दाम निवडला होता. १९५२ साली नेदरलँड्सचे माजी सैनिक आले आणि स्पर्धा आंतरराष्ट्रीय झाली. १९६० साली रोमला, ऑलिंपिक संपल्यावर काही दिवसांनी, २३ देशांचे सुमारे ४०० खेळाडू जमले. पुढे त्यालाच पहिले पॅरालिम्पिक मानले गेले.

रोमची एक हकिकत मला सुवर्णपदकांच्या यादीपेक्षा मोलाची वाटते. खेळाडूंची निवासाची घरे खांबांवर उभारलेली होती आणि वर जायला जिने होते. चारशे माणसे चाकांच्या खुर्चीत, आणि समोर जिने! इटालियन सैनिकांनी त्यांना रोज खुर्चीसकट उचलून वरखाली केले. ज्यांनी खाटेवरून स्वतः सरकायला वर्षभर घाम गाळला होता, त्यांना जिन्याने पुन्हा उचलून नेण्याचे ओझे बनवले. शरीराने कमावलेली हालचाल इमारतीने एका क्षणात हिरावून घेतली. १९७२ सालच्या स्पर्धा म्युनिकला न होता हायडेलबर्गला झाल्या, त्यामागेही निवासाचीच अडचण होती. ऑलिंपिकची वसाहत लगेच खासगी घरांसाठी द्यायची होती. मुख्य ऑलिंपिकचीच मैदाने या खेळाडूंना मिळाली ती १९८८ साली, सोलला.

हायडेलबर्ग आणि पेठ

हायडेलबर्गच्या त्या स्पर्धांत पन्नास मीटर मुक्त शैली पोहण्यात ३७.३३ सेकंदांचा जागतिक विक्रम करून भारताला पॅरालिम्पिकमधले पहिले सुवर्णपदक मिळवून दिले ते सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरजवळच्या पेठ गावचे मुरलीकांत पेटकर यांनी. ते सैन्यात ईएमई विभागात होते, मुष्टियोद्धे होते. १९६५च्या युद्धात त्यांना अनेक गोळ्या लागल्या आणि कमरेखालचे अंग लुळे पडले. मुंबईच्या नौदल रुग्णालयात, अश्विनीमध्ये, उपचाराचा भाग म्हणून त्यांना पोहायला सांगण्यात आले. पाण्यात शरीराचा भार हलका होतो, पाय साथ देत नसले तरी दंड आणि पाठ यांच्या जोरावर माणूस पुढे जातो. पुन्हा तोच पूल. १९६८ साली तेल अवीवला ते टेबल टेनिस खेळले, १९७२ साली पोहण्यात सुवर्ण मिळवले. पुढे पुण्यात टेल्कोमध्ये नोकरी केली. त्यांना पद्मश्री मिळाली ती २०१८ साली, म्हणजे पदकानंतर ४६ वर्षांनी.

पेटकर यांच्या कथेतले शौर्य सर्वांनी पाहिले आहे, आता तिच्यावर चित्रपटही आला आहे. मला त्यातली साखळी दाखवायची आहे. लष्करी रुग्णालय, जिथे कूस बदलायला माणसे होती. तलाव, जिथे पोहायला सांगणारा जाणकार होता. मग नोकरी. यातला एक दुवा निखळला असता, तरी हायडेलबर्ग आले नसते. सैनिकांसाठी अशी सोय आपल्याकडे जुनी आहे. पहिल्या महायुद्धातल्या अपंग हिंदी सैनिकांसाठी १९१७ साली मुंबईत सुरू झालेली आणि नंतर खडकीला गेलेली क्वीन मेरी संस्था त्यांना हातचे काम शिकवत आली आहे. नागरिकांसाठी १९५३ साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात देशातले पहिले भौतिकोपचाराचे शिक्षण सुरू झाले, १९५५ साली हाजीअलीला अखिल भारतीय पुनर्वसन संस्था आली. वेल्लोरला डॉ. मेरी व्हर्गीस यांनी १९५४ साली अपघातात स्वतःचे पाय गमावल्यावर चाकांच्या खुर्चीत बसून कुष्ठरुग्णांच्या हातांवर शस्त्रक्रिया केल्या आणि न्यूयॉर्कहून पुनर्वसनाचे शिक्षण घेऊन येऊन तिथे तो विभाग उभा केला. म्हणजे आपल्याकडे ज्ञान नव्हते किंवा माणसे नव्हती, असे म्हणता येत नाही.

रात्री दोन वाजता कोण उठते?

तरीही साखळी तुटते. आपल्याकडे कणा मोडतो तो रस्त्यावरच्या अपघातात आणि उंचावरून पडून. आंब्यावरून, माडावरून, बांधकामाच्या परातीवरून, कठडा नसलेल्या गच्चीवरून. शस्त्रक्रिया होते, कण्यात पट्ट्या-खिळे बसतात, आणि आठ-पंधरा दिवसांनी रुग्ण घरी जातो. नोकरीच्या काळात मी अशा अनेक घरी गेले. एका घरी, इजेला जेमतेम तीन महिने झालेल्या तरुणाच्या माकडहाडावर मूठ मावेल एवढी जखम होती. शस्त्रक्रियेचे कागद व्यवस्थित प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेले होते, त्यांत कूस बदलण्याबद्दल एकच ओळ होती. मी त्याच्या बायकोला विचारले, रात्री किती वेळा वळवता? ती म्हणाली, "ताई, झोपताना एकदा अन् पहाटे पाण्याला जाताना एकदा. मधी जाग येत न्हाई. दिसभर मजुरीला जाते." तिला दोष देण्याची माझी छाती झाली नाही. स्टोक मँडेव्हिलला जे काम पाळीपाळीने अनेक माणसे करत होती, ते इथे मजुरी करून आलेल्या एकट्या बाईच्या झोपेवर सोपवलेले होते.

खेळाच्या इतिहासात ही बाई कुठेच नसते. पुनर्वसनाचा इतिहास लिहायचा तर मात्र तिच्यापासून लिहावा लागेल, कारण रुग्णाची हालचाल सुरू होईपर्यंत कोणाला तरी त्याच्यासाठी हलावे लागते. त्या घरी आम्ही केले ते अगदी साधे होते. गजराचे घड्याळ, जुन्या लुगड्यांच्या दोन लोडवजा उशा, शेजारच्या दोन मुलांच्या पाळ्या. आणि खाटेच्या वर आढ्याला बांधलेला एक दोर, त्याला धरून तो तरुण हळूहळू स्वतःला उचलू लागला. जखम भरायला सात महिने लागले. तो खेळाडू झाला नाही. तो दारात बसून सायकलींचे पंक्चर काढू लागला, आणि त्याची बायको रात्रभर झोपू लागली. माझ्या हिशेबी हे दुसरे यश पहिल्याइतकेच मोठे होते.

२०१६च्या विकलांग व्यक्ती हक्क कायद्याने इमारती, वाहने, शिक्षण, खेळ या सगळ्यांत प्रवेशाचा हक्क मान्य केला आहे. विकलांगतेचे प्रकार ७ वरून २१ झाले आहेत. उतारवाटा थोड्याफार बांधल्या जात आहेत, पुष्कळदा इतक्या खड्या की त्यांवरून खुर्ची मागे घसरते. पॅरालिम्पिकमध्ये आपल्या खेळाडूंची पदके वाढत आहेत आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे. पण पदकांची संख्या हे पुनर्वसनाचे माप होऊ शकत नाही. माप घ्यायचे तर एकच प्रश्न पुरेसा आहे. कणा मोडून घरी गेलेल्या माणसाची कूस आज रात्री दोन वाजता कोण बदलणार आहे, आणि ती त्याने स्वतः बदलावी म्हणून त्याला कोणी काही शिकवले आहे का? कोनिग्जह्यूटच्या त्या खाणकामगाराबद्दल 'नोंद घेऊ नकोस' असे सांगितले गेले होते. जिल्हा रुग्णालयांतून घरी पाठवलेल्या अशा प्रत्येक माणसाची वर्षभरानंतरची एक नोंद, म्हणजे तो जिवंत आहे का, कातडी शाबूत आहे का, घराबाहेर पडतो का एवढी जरी आपण ठेवू लागलो, तरी बऱ्याच खिळ्यांची टोके सैल होतील.